शंभर केसांची अट

“मान खाली,” ती म्हणाली, आणि लिफ्टवाल्याने अकराव्यांदा मान खाली घातली.

तिने त्याच्या टाळूवर नाण्याएवढी कडी ठेवली, फोटो काढला आणि भिंग लावून कडीतले केस मोजायला घेतले. केसांच्या त्या दवाखान्यातली रीतच तशी. दर महिन्याला टाळूचा फोटो, दर महिन्याला मोजणी. चेहऱ्याशी तिथे कुणाचं काम नसे. ही फोटोवाली तर माणसं टाळूवरूनच ओळखी. सख्खा मामा रस्त्यात समोर आला, तरी तो वाकेपर्यंत तिला खात्री पटत नसे म्हणतात.

लिफ्टवाला म्हणजे बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करणारा. टक्कल असं, की तो लिफ्टखालच्या काळोख्या खड्ड्यात उतरला की सोबत्यांना बॅटरी लागत नसे. कडेला थोडी झालर अजून शाबूत होती, म्हणून ते त्याला ‘अष्टमी’ म्हणत. पौर्णिमा व्हायची होती. त्याने टाळूवर थेंब चोळले, सुया टोचून घेतल्या, लाल दिव्याची टोपी घालून खुडूक कोंबडीसारखा तासन्‌तास बसून राहिला. सातव्या महिन्यात औषधं थांबली. “आता नुसतं फोटोला येत जा,” असं फोटोवालीनेच त्याला सांगितलं.

तो एकही महिना चुकला नाही. कारण आता त्याला केसांपेक्षा फोटोवाली हवी होती. पण तिच्याकडे सरळ बघायची छाती होत नव्हती. खाली घातलेल्या मानेला तिचा आवाज आणि तिच्या निळ्या चपला, एवढंच पाठ होतं. त्याने मनाशी अट घातली होती : कडीत शंभर केस भरले की विचारायचं.

“मग काय झालं त्या दोघांचं?” तिने मोजता मोजता विचारलं.

“भांडकुदळ शेजारी हो. दोघं लिफ्टमध्ये तीन तास अडकले. मी दार उघडलं, तर बाहेर आले ते एकमेकांचे व्याही होऊन!”

ती खळखळून हसली. “घ्या! चुकला आकडा. पुन्हा एकपासून.”

पाच मिनिटांची मोजणी अशी अर्धा तास चाले. शेवटी आकडा आला एकसष्ट.

घरी ताई वाटच बघत होती. ही अट एका तिलाच ठाऊक होती. “किती?”

“एकसष्ट.”

“मागच्या खेपेला?”

“त्रेसष्ट.”

“अरे वेड्या, शंभराची वाट बघत बसलास तर तिच्या नातवंडांकडे तिला मागणी घालावी लागेल तुला! आणि तिला केस हवेत हे कुणी सांगितलं?”

“दर महिन्याला मोजते ना.”

“शिंपी कमरेचं माप घेतो. म्हणून काय त्याला बारीक कंबरच लागते?”

ते त्याच्या मनाला लागलं. बाराव्या महिन्यात दवाखान्यात जाण्याआधी तो न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसला. “सगळं काढ.”

“‘सगळं’ हा फार मोठा शब्द झाला, भाऊ,” न्हावी म्हणाला. “पण काळजी नको. हल्ली भरल्या डोक्याची पोरं हौसेने चकोट करून जातात. फॅशन आहे. तुमचं अर्धं काम तर देवानेच उरकलंय.”

चार मिनिटांत काम झालं. आरशात एक रुबाबदार, जरा आगाऊ दिसणारा माणूस बसला होता. लिफ्टवाल्याला तो आवडला.

फोटोच्या खोलीत तो ताठ मानेने शिरला. तिच्या हातातली कडी हातातच राहिली.

“अहो, हे काय? आता मी मोजू काय?”

“काही नको.” त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. नाकावर चष्म्याचे दोन वण होते, आणि डोळे त्याला वाटलं होतं त्याहून खट्याळ. “शंभर झाले की विचारणार होतो. ते काही होत नाहीत. तेव्हा आता शून्यावरच विचारतो. माझ्याबरोबर चहा घ्याल?”

तिने कडी टेबलावर ठेवली. भिंग ठेवलं. बराच वेळ ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

“घेईन,” ती म्हणाली. “पण आधी एक कबूल करते. औषध लागू पडत नाही म्हणून डॉक्टरांनी सातव्या महिन्यातच तुमची फाईल बंद केली. तेव्हापासून तुम्हाला तारखा मीच देतेय.”