काम्पुटरवाली लेक

१९७४ साली पिंपरीतल्या एका कारखान्यात कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर फाउंड्रीत काम करणारा भीमराज आठवडाभर युनियनबरोबर गेटवर घोषणा देत होता. मशीन आलं की माणसं घरी बसणार, ही सगळ्यांना धास्ती होती. त्याच मशीनसाठी पंच ऑपरेटर हवेत, हे त्याच्या लेकीनं, कस्तुरानं, पेपरात वाचलं आणि घरी न सांगता ती परीक्षा देऊन आली. शनिवारी नेमणुकीचं पत्र आलं. जेवायला बसलेल्या वडिलांना तिनं ते अडखळत वाचून दाखवलं. भीमराजच्या हातातला घास हातातच राहिला. “काय करायचं असतं थितं?” त्यानं विचारलं. “स्टोअरमधल्या मालाचे आकडे कार्डांवर भोकं पाडून लिहायचे. मशीन ती कार्डं वाचतं.” “म्हंजे कारकुनांचं काम जानार.” “काहींचं जाईल, आबा.” कस्तुराला खोटं बोलवेना. “पण मला हेच काम शिकायचंय.” भीमराज ताटावरून उठला. मग हात धुऊन म्हणाला, “सोमवारी माझ्यासंगं चल.” सोमवारी गेटवर एकानं त्याला हटकलंच, “काय भीमराज, घोषणा इसरला व्हय?” “इसरलो न्हाई,” तो म्हणाला आणि लेकीला ऑफिसकडं न नेता आधी युनियनच्या खोलीत घेऊन गेला. सेक्रेटरीसमोरची खुर्ची त्यानं रुमालानं पुसली, तिला बसवलं. “ही नवी कामगार हाय. मशीन आलंच हाय, तर त्याच्यापाशी आपलं मानूस पायजे. हिचा युनियनचा फॉर्म भरून घ्या.” सेक्रेटरीनं हसत फॉर्म पुढं सरकवला. “शाईचा पेन द्या,” भीमराज म्हणाला, “अक्षर बघा माझ्या लेकीचं.”