ओव्याची धुरी

लक्ष्मम्मानं निखाऱ्यांवर ओवा टाकला आणि शेगडी सुनेच्या खाटेखाली सरकवली. धूर वर आला. तारामतीनं डोळे मिटले आणि कानाला बांधलेला फडका घट्ट केला.

हल्ली ताटली पडली तरी तिचं कपाळ ठणकायचं. हापशाचं पाणी आटत आलेलं. दांडा हिसका देऊन वर आला आणि तिच्या कानशिलावर बसला, त्याला दीड महिना होत आला होता. रक्ताचा थेंब आला नाही, म्हणून घरात कुणी मनावर घेतलं नाही. मग तिला उजेड सोसेना. भाजीत दोनदा मीठ पडू लागलं. शेजारणीचं नाव आठवेना. लक्ष्मम्मा म्हणाली, कामाचा कंटाळा, दुसरं काय. शेवटी चंद्रप्पानं बायकोला लातूरला नेलं. नवा जिल्हा झाला म्हणून उस्मानाबादची पायपीट वाचली, तेवढंच सुख.

डॉक्टर म्हणाले, वरून दिसत नसलं तरी डोकं आतून हादरलंय. थोडे दिवस उजेड नको, गलका नको, पडून राहू द्या.

असलं दुखणं लक्ष्मम्मानं कधी पाहिलं नव्हतं. असली खोली मात्र तिनं तिन्ही लेकींच्या बाळंतपणांत सव्वा-सव्वा महिना केली होती. तिनं खिडकीला घोंगडं लावलं, डिंकाचे लाडू वळले, गावात पाण्याची मारामार असताना रोज घागरभर ऊन पाणी सुनेच्या अंगावर घातलं. डॉक्टरांनी पाहिलं असतं तर कपाळावर हात मारला असता.

धुरानं तारामतीचं डोकं जास्तच धरायचं. ती सांगत नव्हती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, घरात पाळणा हलला नव्हता, आणि गावातल्या प्रत्येक बाळंतिणीची खोली तिनं उंबऱ्याबाहेरूनच पाहिली होती. आत ये, असं तिला कुणी म्हणत नसे. आणि तिला तर ते सगळं हवं होतं. तो अंधार, तो वास, कुणीतरी आपल्यासाठी निखारे फुंकणं. जिवापाड हवं होतं.

दुपारी चंद्रप्पा लातूरहून परतला. डॉक्टरांना विचारून आला होता. महिना झाला, आता पडून राहणं बरं नाही, रोज थोडं बाहेर बसवा, हळूहळू कामाला लावा. डोकं दुखेल, विसरायला होईल, पण ओसरेल. त्यानं हे दारातूनच सांगितलं आणि बैलाला वैरण टाकायला गेला.

लक्ष्मम्मानं घोंगडं ओढून काढलं. उजेड थेट खाटेवर पडला. तारामती अगदी कडेला, पडेल अशी निजली होती. भिंतीच्या बाजूला हातभर जागा मोकळी होती आणि तिथं जुन्या लुगड्याची दुपट्याएवढी मऊ घडी अंथरलेली होती.

"तिकडं सरक की गं," लक्ष्मम्मा म्हणाली. मग तिचं घडीकडं लक्ष गेलं.

तारामतीनं डोळ्यांवर पदर ओढला. "आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "मला निजवून सव्वा महिना झाला न्हाई अजून."

लक्ष्मम्मानं वाकून धुमसणारी शेगडी बाहेर नेऊन ठेवली, परत आली आणि घोंगडं पुन्हा खिडकीला लावलं.

"अव्वा, बसवलीस का तिला बाहेर?" चंद्रप्पानं अंगणातून विचारलं.

"हळू बोल," लक्ष्मम्मा म्हणाली. "धा दिवस हायेत अजून."