उलटा टाका

“आधी ती सुई खाली ठेव,” मास्तर दारातूनच म्हणाले.

मुलीने सुई ठेवली नाही. हातातला टाका पुरा केला, मग मान वर केली. कॉलेजच्या इतिहास विभागातल्या लांबलचक खोलीत एका टेबलावर कुणी जुन्या काळची मातीची भांडी घडवत होतं, पलीकडे दोघं जण एका नकाशावरून हुज्जत घालत होते, आणि मधल्या टेबलाशी मास्तरांची पोर कापडाच्या ढिगात बसली होती. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मास्तर ही पदवी त्यांना कॉलेजची पायरी न चढताच मिळाली होती. पस्तीस वर्षं लोकांचे कपडे शिवून मान वाकली, चष्म्याच्या काचा जाड झाल्या. आपल्या पोरीच्या हातात सुई येऊ द्यायची नाही, हा त्यांचा पण होता. घरात तिला कधी तुटलेलं बटणही लावू दिलं नाही. अर्थशास्त्राला घातलं, तर तिने मध्येच इतिहास घेतला. तेही त्यांनी पोटात घातलं. पण काल फोनवर ती म्हणाली, शेवटच्या वर्षाचा प्रबंध ती लिहिणार नाही, शिवणार आहे. मास्तर सकाळच्या पहिल्या बसने निघाले. विषय बदलायची मुदत आज पाचला संपत होती.

“हा अर्ज. अर्थशास्त्र लिही आणि सही कर.”

“तुम्ही म्हणालात तर करते,” ती म्हणाली. “पण आधी हे बघा तरी, बाबा.”

तिने एक कोट उचलून धरला. शंभर वर्षांपूर्वीच्या गोदी कामगारांच्या फोटोवरून तिने तो बेतला होता. मालकाने सगळ्यांना दिलेला गणवेश. “पुस्तकात लिहिलंय, हे लोक कामचुकार होते, माल वरच्या फळीवर रचायला तयार नसायचे. मी कोट शिवला आणि अंगात घालून बघितला. हात खांद्याच्या वर जातच नाही!”

“जाईल कसा? बाहीचा मुंढा काखेच्या किती खाली उतरवलाय! दहा जणांना एकाच मापात कोंबायचं म्हटलं की असंच होतं.”

बोलून गेल्यावर मास्तरांनी जीभ चावली. पण कोट आता त्यांच्या हातात आला होता, आणि हातात आलेलं कापड उलटून न बघता परत देणं त्यांना जन्मात जमलं नसतं. त्यांनी खालची तुरपाई बघितली. टाके बारीक होते, मोजून घातल्यासारखे एकसारखे होते. मास्तरांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. मग त्यांनी चष्मा वर सरकवून पुन्हा बघितलं.

“हे काय? सगळे टाके उलट्या बाजूला कललेत.”

“डाव्या हाताने शिवते मी.”

“डाव्या? लिहितेस तर उजव्याने!”

मास्तरांना आता भलतंच काही डाचायला लागलं. आपण हट्टाने जे शिकवलं नाही ते कुणा परक्याने शिकवलं, आणि तेही असं वेडंवाकडं. खरं तर तो राग नव्हता, सरळसरळ हेवा होता.

“कुणी डावखुऱ्याने शिकवलं तुला? कोण आहे तुझा मास्तर?”

मुलीचे कान लाल झाले.

“तुम्हीच, बाबा. शाळा सुटली की दुकानात तुमच्या समोर बसायचे ना अभ्यासाला. समोरून बघून बघून शिकले. तुमचा उजवा हात माझ्या डाव्या बाजूला यायचा.”

पोरगी पुस्तकातून मान वर काढत नाही, असं मास्तर येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगायचे. दहा वर्षं सांगत होते.

मास्तरांनी अर्जाची घडी करून खिशात घातली. मग टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले, एक स्टूल ओढलं आणि तिच्या खांद्याला खांदा लावून बसले. सुईत नवा दोरा ओवला.

“आता इकडून बघ,” ते म्हणाले.