एकशे पस्तिसावं केळं

वृषाली मॅडमनी एकशे सव्वीसवर लाल फुली मारली आणि वही वर्गात आलेल्या मुख्याध्यापिका सिस्टर बेनेडिक्टांपुढे सरकवली.

"एका घडाला नऊ फण्या, एका फणीला अठरा केळी, तर एकूण किती? अख्ख्या तिसरीनं एकशे बासष्ट लिहिलं. ही आकडे उलटे लिहिते, सिस्टर. पुन्हा दुसरीतच बसवू. वडिलांना सहीला बोलावलंय."

दिपमाला मान खाली घालून उभी होती. "उलटं नाही लिव्हलं," ती पुटपुटली. "खालच्या फन्या ल्हान असतात, मॅडम."

"गणितात नसतात!"

मॅडमना धुळ्याहून सावद्याच्या या मिशन शाळेत येऊन जेमतेम चार महिने झाले होते. केळी त्यांनी पाहिली होती ती हातगाडीवर, डझनाच्या हिशेबानं.

तेवढ्यात दिपमालाचे वडील, रुपचंद, खांद्यावर घड घेऊन आले. केळी कापायच्या मजुरीवर जाणारा माणूस. बोलावलं होतं दहाला, पण गेटपाशीच इतका रेंगाळला की खिडकीतून बघणाऱ्या मॅडम वैतागल्या होत्या. "झाडावरच पिकलं व्हतं. पोरांसाठी आनलं," म्हणत त्यानं घड टेबलावर ठेवला. मॅडमनी लगेच अर्ज आणि पेन त्याच्या हातात दिलं.

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. शाळेत खाऊ आला की आधी मुलांनी तो मोजायचा, मग प्रार्थना, मग वाटप, हा त्यांचा नेम होता. "दिपमाला, मोजायच्या आधी तूच सांग. किती?"

दिपमालानं घडाला हातसुद्धा लावला नाही. वरून खाली एकदा नजर फिरवली. ओठ हलले.

"एकशे पस्तीस."

मुलांनी मोजायला सुरुवात केली. वरच्या फणीला अठरा. दुसरीला सतरा. खाली जावं तशी केळी कमीकमी होत गेली. मॅडमचा चेहरा उतरत चालला. जन्मभर केळी खाल्ली, पण घडाकडे त्यांनी कधी धड पाहिलंच नव्हतं. दहा फण्या संपल्या.

"एकशे चौतीस!" मुलं ओरडली.

"एक चुकलंच," मॅडम म्हणाल्या. आपल्याला हायसं वाटलं, याची त्यांची त्यांनाच लाज वाटली.

दिपमाला पुढे झाली. तिसरी फणी वळवून तिनं मागच्या बाजूचा तुटका देठ दाखवला. चीक अजून ओला होता. "हे बी व्हतं. कोनी तरी तोडलं."

मॅडमनी शेवटची दहावी फणी सोडून मनाशी बेरीज केली. नऊ फण्या, तुटलेलं धरून एकशे सव्वीस. आठ वर्षांच्या त्या पोरीकडे त्या बघतच राहिल्या. मग त्यांनी रुपचंदच्या हातातला अर्ज काढून घेतला आणि चार घड्या घातल्या.

रुपचंद मात्र घाबरला. त्याला वाटलं, चोरी पकडली गेली.

"म्याच तोडलं, सिस्टर," तो हात जोडून म्हणाला. "तुमच्या गेटवरच्या मरियामायपुढं ठिवलं. म्हनलं, माय, माह्या पोरीले मोजनं शिकव."