घरी माणसं किती?

डोमाजींनी गाडीचं बॉनेट उघडलं आणि मागे लखीराम खोकला. खोकला औषधाचा नव्हता.

"पावसाळ्यात हिच्यात छत्री उघडा लागते, भाऊ," तो म्हणाला. "आतमंदी."

ओमने डोळे वटारले. ढाणकीहून हे गिऱ्हाईक त्यानेच खटपट करून आणलं होतं. महागावच्या मेकॅनिकने गाडीची दुखणी वाचून दाखवली तेव्हाच त्याने ठरवलं होतं, आता दुरुस्ती बस. ही द्यायची आणि नवी घ्यायची. आई रुपीबाई विका म्हणाली होती. बाप, धावजी, काहीच म्हणाला नव्हता. तो आत्ताही ओट्यावर गाडीकडे पाठ करून बसला होता.

तांड्यात मोटरसायकली घरोघर, चारचाकी मात्र ही एकच. त्यामुळे विक्री पाहायला सगळे बिनबोलावता आले होते. नव्या गाडीवर कव्हर राहील आणि चिखलाच्या पायांनी तिच्यात कोणी चढायचं नाही, हे ओमने कालच जाहीर करून टाकलं होतं. धंद्याच्या दृष्टीने ही त्याची मोठी चूक.

सुखीबाई पुढे झाली. "माझी नात ह्याच गाडीत झाली, भाऊ. दवाखान्यात पोचाच्या आधीच. ह्या मागच्या शिटावर." बदनामी करायला आली होती, पण बोलताना तिचा हात त्याच सीटवर फिरत होता. "तुम्ही कुठं बसान मंग?"

"अन् बकऱ्या?" रुपसिंग म्हणाला. "बाजाराच्या दिवशी बकऱ्या जातात हिच्यात. वास जात नाही, किती बी धुवा."

"बकऱ्या कोनाच्या?" डोमाजींनी विचारलं.

"आता… माह्याच."

जो जितका फुकट बसला होता, तितके दोष त्याने काढले. कोणी कमी नाही, कोणी जास्त नाही. हिशेब अगदी चोख होता.

डोमाजी नोकरीतून सुटलेले, शांत गृहस्थ. बायकोला दवाखान्यात, बँकेत न्यायला एखादी जुनीपानी गाडी असावी एवढीच त्यांची हौस. ती हौस आता उतरत चालली होती. त्यांनी बॉनेट हलकेच खाली टेकवलं.

तेव्हा धावजी उठला.

"लाज नाही वाटत?" तो गरजला. "लख्या, तुह्या पोराचं वऱ्हाड कोनं नेलं? पुसदच्या चढावर नव्या नव्या गाड्या वाफा सोडत उभ्या होत्या, अन् ही तुम्हा सगळ्यायले घेऊन वर गेली. सुखी, दवाखाना दूर होता त हिचा काय दोष? नात धडधाकट घरी कोनं आनली? छत गळते म्हंते! लख्या, वऱ्हाडात तूच टपावर बसून नाचला, म्हून गळते!" खांद्यावरचा रुमाल काढून त्याने बॉनेट पुसलं. पुसायसारखं त्यावर काही नव्हतं. "एक दिवस रस्त्यात सोडलं नाही हिनं. एक दिवस!"

डोमाजी ऐकत राहिले. एवढ्या लोकांनी केलेली निंदा त्यांना पटत आली होती. या एका माणसाच्या रागाने ती धुऊन निघाली.

"घेतो," ते म्हणाले. "ओम, तू सांगशील तो भाव."

धावजीचा रुमाल बॉनेटवर होता तिथेच थांबला. गाडी आपणच विकली, हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

ओमने तेवढ्यात किल्ली डोमाजींच्या हातावर ठेवलीसुद्धा. रुपीबाई चहा घेऊन बाहेर आली. पहिला कप पाहुण्याला दिला.

"भाऊ, घरी मानसं किती?"

"मी अन् आमची प्रभावती. पोरगी नागपूरले असते."

"आजूबाजूले?"

"आहेत ना. पण ज्याचं दार बंद, तो आपल्या घरात."

"मंग नाही जमत," रुपीबाई म्हणाली. "हिचा रिव्हर्स पडत नाही. मागं घ्याची म्हटलं का ढकला लागते. इथं हाक मारली का सगळे येतात. तुमच्या घरी ढकलाले कोन येईन?"

"याडी!" ओम ओरडला. आईवर तो एरवी आवाज चढवत नसे. पण रिव्हर्सचं त्याने गिऱ्हाइकाला सांगितलंच नव्हतं. गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी केली होती, ती त्याचसाठी. "तूच त विका म्हने!"

"विका म्हनलं होतं. फसवा नाही म्हनलं."

डोमाजी हसले. किल्ली त्यांनी ओमला नाही, धावजीला दिली. मग चहा बशीत ओतून सावकाश प्यायले.

गाडी शेडमध्ये परत न्यायची होती. धावजी स्टिअरिंगवर बसला. बाकीचे बॉनेटला भिडले. लखीराम नेहमीसारखा मधोमध, नेहमीसारखा कण्हत. डोमाजींनी पिशवी ओट्यावर ठेवली, बाह्या दुमडल्या आणि सुखीबाई अन् रुपसिंगच्या मध्ये जागा शोधून हात लावला. ओम खिशात हात घालून उभा होता.

"पाहून काय राह्यला?" रुपीबाई म्हणाली. "लाव हात."

त्याने लावला. गाडी कुरकुरली, हलली आणि मागे मागे जात शेडमध्ये शिरली.

ओमला धाप लागली होती. "ठीक हाये," तो म्हणाला. "राहू द्या हिलेच. दुरुस्त करतो. क्लच, सायलेन्सर, छत, सगळं करतो. अन् सगळ्यात आधी रिव्हर्स."

सुखीबाईने पदराने चेहरा पुसला. रुपसिंग टायरकडे पाहू लागला. लखीराम कमरेवर हात ठेवून वाकला होता. हीच गाडी ढकलून ढकलून ती कमर धरली, असं तो तांड्याला रोज ऐकवत असे.

"छत कर बाप्पा, छत कर," तो म्हणाला. "रिव्हर्सची काही घाई नाही."