बोंबलाचा नैवेद्य

चंद्राबाईचा मुलगा हिरामण ब्रह्मदेशच्या लढाईत मेला. तशी तार श्रावण लागताच खोपोलीला आली, पोस्टमास्तरांनी अर्थ सांगितला, भिवाजी पोस्टमनने ती कोटाच्या आतल्या खिशात घातली, आणि मग असं काही झालंच नाही.

"काय आलं का रं?" चंद्राबाईने ओट्यावरून विचारलं.

"नाय गं मावशे. लढाईत टपाल सावकाश चालतं."

"बस. चा घे."

"नको. पोट बिघाडलंय."

पोट बरेच दिवस बिघडलेलंच राहिलं. मग एका सकाळी त्याने आपणहून चहा मागितला.

सांगायचं ते गणपतीनंतर, असं त्याने ठरवलं. तोवर मन खाऊ लागलं, म्हणून त्याने आलीन मिस्त्रीला गाठलं. हा चिनी सुतार, रंगूनहून पळून आलेला. त्याच्या फळीवर बुद्ध, दाढीवाले ताओबाबा आणि कन्फ्यूशियस गुरुजी एकाच उदबत्तीत भागवून घेत. खाली जमिनीवर वाघजाईचा शेंदरी धोंडा. जागेचा देव जागेवरच घ्यावा लागतो, तो गाठोड्यातून आणता येत नाही, असं मिस्त्रीचं म्हणणं.

"मेलेला माणूस भुका राहतो," मिस्त्री म्हणाला. "जेवण नाय, तर भटकतो."

त्याने लाकडाची पाटी तासली, तीवर हिरामणचं नाव चिनी अक्षरांत कोरलं आणि ती गुरुजींशेजारी उभी केली.

चंद्राबाई कुठलाच देव सोडत नसे. ती फळीपाशी आली. "ह्यो नवा कोण?"

"देवच हाय," भिवाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने पाटीपुढे भाकरी आणि भाजलेला बोंबील ठेवला.

"मावशे, देवाला बोंबील? आन् श्रावणात?"

"ह्याला श्रावण नाय."

"तुला काय ठाव?"

"तोंडावरनं कळतं."

पाटीला तोंड नव्हतं. भिवाजीने हसू खोकल्यात घालवलं.

गणपती गेले. आज सांगायचंच म्हणून भिवाजी निघाला, तर तीच कागद घेऊन ओट्यावर बसलेली. तिची पत्रं तोच लिहून देई.

"सरकारला अर्ज लिव. हिरामणच्या रजेचा."

अजून एक दिवस खोटं बोलू, असं मनाशी म्हणून त्याने टाक बुडवला.

"नावाआधी कैलासवासी लिव."

टाक थांबला.

"तेरा दिस माज्या घरचं पाणी घेतलं नायस. चवदाव्या दिशी चा मागितलास. लिव."

ती सांगत गेली, भिवाजीने लिहिलं: "कैलासवासी हिरामण आबाजी, हल्ली मुक्काम आलीन मिस्त्रीची फळी, यास सर्वपित्री अमावास्येस एक दिवसाची रजा मंजूर व्हावी. कारण, घरी जेवणे. सरकारने शिधा देऊ नये, बोंबील भाजून ठेवले आहेत, ही नम्र विनंती."