कुर्रर्र

उशीवरचा पिवळा डाग. केळ्याच्या वासाचं औषध. स्टीलचं ताट आणि चमचा. दहा महिन्यांत चौथ्यांदा वाहणारा लेकीचा कान.

"आतलं पाणी आटलं, की ऐकू येईल बहुतेक," डॉक्टर म्हणाले होते. त्या 'बहुतेक'चं काय करायचं, ते आम्हाला कळत नव्हतं.

लेक खेळत होती. तिच्या मागे उभं राहून मी ताट वाजवलं. ती वळली नाही. पुन्हा वाजवलं. वळली आणि हसली.

"बघ, ऐकलं तिने!"

"अरे, तुझी सावली हलली समोर," बायको म्हणाली. "बाजूला बसून वाजव ना."

मी बाजूला बसलो. चमचा उचलला, पण हात खाली येईना.

बारशाला आत्याने कानात अगदी हळू कुर्रर्र केलं, तेव्हा ती दचकून रडली होती.